८३२ पायऱ्या

पूर्व अमेरिकेची बसटूर केलेल्या कुणाही काका-काकूंना विचारून बघा. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा आठवतो, नायगारा तर आठवतोच, कॉर्निंगचं काचेचं म्युझियमही आठवतं, कारण तिथं खरेदी झालेली असते. वॉटकिन्स ग्लेन या धबधब्यांच्या घळीबद्दल मात्र एकच वाक्य ऐकायला मिळतं, "ते होय? पायऱ्या फार होत्या बाई!" टूरवाले तिथं जेमतेम तासभर थांबतात. त्यातला निम्मा वेळ वॉशरूमच्या रांगेत आणि ग्रुप फोटोत जातो. उरलेल्या वेळात जमेल तेवढं वर चढायचं आणि टूर मॅनेजरची हाक आली की उलट पावली बसकडं.

तक्रार खोटी नाही. पायऱ्या खरोखरच ८३२ आहेत. मी रॉचेस्टरला राहते, तिथून हे गाव गाडीनं दीडेक तासावर. देशातून कुणी आलं की त्यांना या घळीत नेऊन आणायचं, हा आमच्या घरचा रिवाजच झाला आहे. पाहुणे धबधबे बघतात, फोटो काढतात. माझं लक्ष आताशा पायऱ्यांकडंच जास्त असतं. पायऱ्यांत काय बघायचं, असं वाटेल. सांगते.

न्यूयॉर्क राज्याच्या मधोमध उत्तर-दक्षिण पसरलेली अकरा अरुंद, लांबलचक सरोवरं आहेत. त्यांना फिंगर लेक्स म्हणतात. त्यातलं सगळ्यात खोल सेनेका, ६१८ फूट. त्याच्या दक्षिण टोकाला वॉटकिन्स ग्लेन हे गाव. गाडीवेड्यांना हे नाव वेगळ्याच कारणानं माहीत असतं, कारण १९६१ ते १९८० फॉर्म्युला वनची अमेरिकेतली शर्यत इथं व्हायची. पार्कचं प्रवेशद्वार गावाच्या मुख्य रस्त्यावरच आहे. एका बाजूला दुकानं आणि आइस्क्रीमच्या गाड्या, दुसऱ्या बाजूला उभा चिरलेला डोंगर. तिकीट माणशी नाही, गाडीच्या पार्किंगचं. कातळात कोरलेल्या बोगद्यातून आत शिरलं की थोड्याच वेळात आपण कॅव्हर्न कॅस्केड नावाच्या धबधब्याच्या मागं उभे असतो. समोर पाण्याचा पडदा, पाठीशी ओला कडा, चष्म्यावर तुषार. ज्या ओढ्यानं हे सगळं केलं तो ग्लेन क्रीक अगदी किरकोळ आहे. आपल्याकडं त्याला नदी म्हणायचं धाडस कुणी केलं नसतं. पण दोन मैलांत तो ४०० फूट खाली उतरतो, वाटेत १९ धबधबे, आणि दोन्ही बाजूंचे कडे २०० फुटांपर्यंत चढलेले.

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला हा दगड सुरुवातीला परकाच वाटतो. आपला कातळ काळा, लाव्ह्याचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. इथला राखाडी, चिखलाचा आणि वाळूचा. सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वी इथं उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी गाळ साचत गेला, दबत गेला आणि त्याचे थर झाले. चपात्यांची चवड कडेनं बघावी तसा हा कडा दिसतो. एक थर बोटभर, दुसरा वीतभर, मधेच एखादा हातभर जाड. पातळ थर शेलचे, म्हणजे चिखलाच्या दगडाचे, मऊ. त्यांच्या कपच्या आपसूक सुटत असतात. जाड थर वालुकाश्माचे. पाणी शेल भराभर खातं, वालुकाश्म चिवटपणे टिकून राहतो, आणि तो जिथं पुढं आलेला असतो तिथून धार खाली पडते. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे पाहिलेत ना? तसे गोल डोह इथंही पायऱ्यांच्या खाली ओळीनं दिसतात. कारागीर तोच, भोवऱ्यात गरगरणारे दगडगोटे. फक्त निघोजला त्यांना काळा कातळ पोखरावा लागला, इथं काम सोपं होतं.

गंमत अशी की दगड एवढा म्हातारा आणि घळ अगदी कालची. हिमयुगात बर्फाच्या प्रचंड लोंढ्यानं सेनेकाची मुख्य दरी खोल खरवडून काढली. बाजूनं येऊन मिळणारे ओढे वरच्या काठावर अधांतरी राहिले. बारा हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास बर्फ मागं हटला आणि या ओढ्यांना मुख्य दरीत थेट उडी घ्यावी लागली. उडी घेता घेता ते कडा मागं मागं कापत गेले. ते काम अजून चालू आहे. म्हणून या भागात जिथं ओढा सरोवराला मिळतो तिथं बहुतेक घळ असतेच, आणि तिथं बहुतेक राज्य सरकारचं पार्क असतं.

वॉटकिन्स ग्लेन आधी सरकारी नव्हतं. मॉर्व्हॅल्डन एल्स नावाच्या एका पत्रकारानं १८६३ मध्ये ते खासगी पर्यटनस्थळ म्हणून लोकांना खुलं केलं. पुढं वळणावळणाला नावं चिकटली. ग्लेन कॅथीड्रल, प्लूटो फॉल्स, जेकब्ज लॅडर. महाबळेश्वरला साहेबानं दिसेल त्या कड्याला पॉइंट करून ठेवलं, त्याच जातीची हौस. १९०६ मध्ये राज्य सरकारनं ही जागा विकत घेतली.

मग जुलै १९३५ चा पूर. घळीवर एक झुलता पूल आहे, ओढ्यापासून ८५ फूट उंच. त्यावर उभं राहून खाली बघितलं तर पोटात गोळा येतो. त्या पुरात पाणी या पुलाच्या पाच फूट खालपर्यंत चढलं होतं. अरुंद घळ आणि वाहून येऊन अडकलेली झाडं, पाणी जाणार कुठं? घळीतल्या वाटेची पार वाताहत झाली. आज आपण जी दगडी वाट चढतो ती त्यानंतरची.

ती बांधली बेकार पोरांनी. महामंदीचा काळ होता. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९३३ मध्ये सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर नावाची योजना काढली होती. अठरा ते पंचवीस वयाचे, लग्न न झालेले, हाताला काम नसलेले तरुण छावणीत राहायचे. जेवण-कपडे सरकारचे. काम झाडं लावायचं, बंधारे घालायचं, जंगलातले रस्ते आणि पार्क बांधायचं. महिना ३० डॉलर. त्यातले २५ परस्पर घरी जायचे, पोराच्या हातात पाच. १९४२ पर्यंत तीसेक लाख तरुण या छावण्यांतून गेले. न्यूयॉर्कच्या या भागात कुठल्याही घळीत जा, पायाखालचा दगड बहुधा त्यांच्याच हातचा असतो.

हा सगळा मजकूर तिथल्या पाटीवर आहे आणि मी तो कितीदा तरी वाचला होता. अण्णांनी तो वाचला नाही, कारण त्यांना इंग्रजी येत नाही. त्यांनी सरळ कठड्याला हात लावला.

माझे वडील आटपाडीकडचे, माणदेशातले. बहात्तरच्या दुष्काळात ते विशीत होते. शाळा सुटली होती, विहिरी आटल्या होत्या, जनावरं गेली होती, आणि अख्खं घर पाझर तलावाच्या कामावर होतं. आजी माती वाहायची, अण्णा पिचिंगला. धरणाच्या किंवा तलावाच्या भरावाला पाण्याच्या बाजूनं दगड बसवतात, त्याला पिचिंग म्हणतात. सुतकीनं दगडाचं तोंड काढायचं, जागा बघून तो बसवायचा, फटीत चिपा ठोकायच्या. हे काम सगळ्यांना जमत नाही. अण्णांना जमायचं, म्हणून मुकादमानं त्यांना पाटी उचलायला कधी लावलं नाही. हे ते अजून अभिमानानं सांगतात.

त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून आम्ही उन्हाळ्यात चालणारी शटल बस घेऊन वर गेलो आणि तिथून खाली उतरत आलो. सुरुवातीलाच जेकब्ज लॅडरच्या १८० पायऱ्या. मी पुढं, अण्णा मागं. पाच-सहा पायऱ्या उतरल्या की ते थांबायचे. मला वाटलं गुडघे. वळून बघते तर ते कठड्याच्या दगडावरून हात फिरवताहेत.

"हे कुणी बांधलंय गं?"

"सरकारनं, अण्णा. मंदी होती तेव्हा. बेकार पोरांना काम दिलं होतं."

"म्हंजी दुष्काळी काम."

"तसंच."

"मग तसं सांग की."

तिथून पुढं त्यांनी मला वाट दाखवली. कठड्याचे दगड आडवे, पातळ, आणि त्यांचे थर शेजारच्या कड्याच्या थरांशी मिळतेजुळते ठेवलेत, हे त्यांच्यामुळं दिसलं. लांबून बघितलं तर कडा कुठं संपतो आणि बांधकाम कुठं सुरू होतं ते चटकन कळत नाही. दरज खोल ठेवली आहे. चुना असो की सिमेंट, ते आत आहे, बाहेर नुसता दगड दिसतो. "माल लपवलाय," अण्णा म्हणाले, "याला वेळ लागतो." एका ठिकाणी ते म्हणाले, इथं हात बदललाय. मला काही कळेना. त्यांनी बोटानं दाखवलं. अलीकडं मोठे दगड, सांधे एकाखाली एक येऊ दिलेले नाहीत. पलीकडं छोटे दगड, भर जास्त. नंतरची दुरुस्ती असेल किंवा दुसरी टोळी असेल. एका वळणावर पायरीवर पाणी साचलं होतं आणि लोक बूट वाचवत कडेनं जात होते. तिथं अण्णा खूश झाले. "हितं गडी चुकला. उतार नाही दिला." ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांपूर्वीच्या कुणा परक्या गवंड्याची चूक सापडल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर खालच्या बोगद्यापर्यंत टिकला.

रेनबो फॉल्सपाशी सगळे थांबतात. वरच्या काठावरून पाणी वाटेच्या बाहेरच्या अंगाला पडतं आणि आपण त्याच्या मागून जातो. दुपारी ऊन तिरपं आलं तर इंद्रधनुष्य. गर्दी फोटो काढत होती. अण्णा त्या गर्दीत कठड्याला टेकून मला मिलोबद्दल सांगत होते. त्या दुष्काळात रेशनवर तांबडी ज्वारी मिळायची, अमेरिकेतून आलेली. लोक तिला मिलो म्हणायचे. भाकरी धड थापता यायची नाही, आणि थापली तर गिळवायची नाही. कामावर सुकडी मिळायची तीच त्यातल्या त्यात गोड. "तुझ्या अमेरिकेची मिलो खाऊन आम्ही तलाव बांधला," असं म्हणून ते इतके मोठ्यानं हसले की शेजारच्या बाईनं वळून बघितलं.

तेव्हापासून मी दोन्ही कामांची मनातल्या मनात तुलना करते. आपल्याकडं त्या दुष्काळात कामांवर ५० लाखांच्या आसपास माणसं होती, आणि ती नुसती तरणी पोरं नव्हती. बाया होत्या, म्हातारे होते, बांधावर झोळीत टाकलेली लेकरं होती. इथं छावणी होती, शिस्त होती, मोजमाप होतं; आपल्याकडं हजेरीपट आणि मुकादमाची मर्जी. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना त्याच सुमारास राज्यभर गेली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम, हा हक्क कायद्यात आला. महामंदीतल्या त्या अमेरिकन योजनेनं कुणाला असा हक्क दिला नव्हता. ती १९४२ मध्ये गुंडाळली गेली. हे मला इथल्या मित्रांना सांगायला आवडतं, कारण त्यांना वाटतं गरिबांसाठीच्या चांगल्या कल्पना पश्चिमेकडूनच आल्या.

दुसरी बाजूही सांगायला हवी. आपल्याकडं कित्येक कामांवर नुसती खडी फोडून घेतली. तिचे ढीग रस्त्याकडेला वर्षानुवर्षं पडून राहिले. आणि जे चांगलं झालं, त्यालाही बघणारं कुणी नाही. आटपाडीकडच्या त्या तलावावर अण्णांनी बसवलेले दगड अजून जागेवर आहेत, पण तिथं कसली पाटी नाही, कुणी कौतुकानं हात फिरवत नाही. इथल्या पोरांना चांगलं दिसेल असं बांधायची मुभा होती. आपल्या लोकांना आधी पाणी अडवायचं होतं.

माझ्या पुण्याच्या ट्रेकर मैत्रिणींना ही घळ आवडत नाही. "फारच बांधून काढलीय गं, मजा गेली." या पोरी सांधण दरीत दोराला लोंबकळून कोकणात उतरलेल्या. कठडा दिसला की त्यांना अपमान झाल्यासारखा वाटतो. मी त्यांना नाणेघाटाची आठवण करून देते. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात कुणीतरी तिथला कातळ फोडून, दगड रचूनच ती वाट केली. पावसाळ्यात त्याच दगडांवर पाय देऊन तुम्ही चढता आणि सेल्फीखाली निसर्ग असं लिहिता. एवढं बोलले की थोडा वेळ शांतता होते, मग विषय खाण्याकडं वळतो.

अशांना मी इथाका शहराकडं घेऊन जाते. टॉगॅनॉक फॉल्सला घळीच्या तळातून सपाट वाट आहे, जेमतेम पाऊण मैल, पायऱ्या जवळजवळ नाहीतच. दोन्ही बाजूंचे कडे उंच होत जातात, चारशे फुटांच्या घरात, आणि शेवटी समोर २१५ फुटांची एकच सरळ धार. नायगारापेक्षा ३३ फूट जास्त. ऑगस्टमध्ये गेलं तर पाणी करंगळीएवढं झालेलं असतं आणि मैत्रिणींचे चेहरे पडतात. इथले धबधबे बर्फ वितळल्यावर, म्हणजे एप्रिल-मेमध्ये जोरात असतात. आपलं जून-जुलैचं गणित इथं चालत नाही. मात्र वॉटकिन्स ग्लेनमधली घळीतली वाट हिवाळाभर बंद असते, ती मेच्या मध्याच्या आसपास उघडते. टॉगॅनॉकची तळातली वाट बाराही महिने चालू.

जवळच रॉबर्ट ट्रीमन पार्क. रॉबर्ट आणि लॉरा ट्रीमन या जोडप्यानं १९२० मध्ये ही घळ राज्याला देऊन टाकली. आत लुसिफर फॉल्स, ११५ फूट, आणि त्याच्या कडेनं कड्याला बिलगून उतरणारा दगडी जिना, तोही त्याच छावण्यांतल्या पोरांचा. खालच्या टोकाला धबधब्याच्या डोहात उन्हाळ्यात पोहता येतं, लाइफगार्ड असतो. आमच्या एका आत्यांनी तो लाइफगार्ड बघून विचारलं होतं, "हा दिवसभर नुसता बसतो आणि त्याचा पगार मिळतो?"

या सगळ्या देखणेपणाखाली एक जुनी जखम आहे, ती कुठल्याच बसटूरमध्ये सांगत नाहीत. वॉटकिन्स ग्लेनच्या दक्षिणेला अगदी जवळ मॉन्टूर फॉल्स नावाचं गाव आहे. तिथं रस्त्याच्या टोकाला, घरांच्या ओळी संपतात तिथंच, १५६ फुटांचा धबधबा कोसळतो. त्या परिसरात कॅथरीन मॉन्टूर या सेनेका जमातीतल्या मूळनिवासी स्त्रीच्या नावानं ओळखली जाणारी वस्ती होती. १७७९ मध्ये, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, जनरल सलिव्हनच्या अमेरिकी फौजेनं ती जाळली, शेतं आणि फळबागा उद्ध्वस्त केल्या. सरोवराला त्या लोकांचं नाव राहिलं. पार्कातल्या वरच्या काठावरच्या वाटेला इंडियन ट्रेल हे नाव मिळालं. माणसं हाकलून दिली की त्यांची नावं ठेवायला काही खर्च येत नाही.

वाट हिवाळ्यात बंद का, असं पाहुणे विचारतात. बर्फामुळं, हे अर्धं उत्तर. थरांच्या फटीत मुरलेलं पाणी गोठतं, फुगतं, आणि दगड आतून सैल होतात. वसंतात ते केव्हा सुटतील सांगता येत नाही. म्हणून वाट उघडायच्या आधी दोराला बांधलेले कामगार कड्यावरून खाली सोडतात आणि ते पहारीनं एकेक सैल दगड खाली पाडतात. दर वर्षी. मग खाली पडलेला राडा उचलायचा, निखळलेले कठडे परत बसवायचे, आणि मग पाहुण्यांना आत घ्यायचं. हे ऐकून अण्णांनी पहिला प्रश्न विचारला तो त्या माणसांच्या रोजाचा. मला सांगता आला नाही.

तर, तुमच्या टूरवाल्यानं तासच दिला असेल तर वर टोकापर्यंत जायच्या फंदात पडू नका. पहिला बोगदा, कॅव्हर्न कॅस्केड, आणि त्यापुढं कातळात कोरलेला वळणाचा जिना, एवढं पुरे. रबरी तळव्याचे बूट घाला, साडी असेल तर निऱ्या वर खोचा, पायऱ्या ओल्याच असतात. जाताना उजव्या-डाव्या कठड्याला एकदा हात लावून बघा. आणि बस सुटायच्या आत वॉशरूमला जाऊन या, नायगारा तिथून पुढं अडीच तास आहे.